शून्य किमतीची वाम

माझे धाकटे दीर मुंबईत कुठल्याशा ऑफिसात बसून देशोदेशीच्या नद्यांतल्या मासळीची किंमत काढतात. माणूस गुणी, पण गावी आला की त्याच्या अंगात सगळं जग संचारतं. गेल्या वैशाखात आले ते बरोब्बर कोंड मारायच्या दिवशी. वामीच्या कालवणासाठी ते सातासमुद्रापलीकडूनही आले असते!

नदी आटली की मधल्या डोहात, म्हणजे आमच्या कोंडात, गाव मिळून जाळी लावतो. मासळीचे चुलीगणिक वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे. मग एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका वाट्यापाशी काठी टेकवून विचारायचं, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा ज्या घराचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. भांडण नाही, तंटा नाही. त्या खेपेला आमच्या नशिबी चांगली जाडजूड वाम आली.

घरी भावोजी सासूबाईंना जग समजावू लागले. कंबोडिया असा, बांगलादेश तसा, फिनलंडात तर बर्फाखालचा मासासुद्धा हिशेबात.

"नि आपला कोंड रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, विकलं जातं तेवढंच आम्ही हिशेबात धरतो. घरी खाल्लेलं नाही. आपल्या कोंडाची किंमत शून्य."

सासूबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी कालवणाचा टोप उचलून पडवीत टोपलीखाली लपवला. असल्या कामात मी हयगय करत नाही.

पानं वाढली. भावोजींच्या ताटात भात, मीठ, कांदा.

"वहिनी, वाम?"

"शून्य झाली हो!"

ते हसले, मीही फिदीफिदी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"तू पोटात व्हतास तवा तुजा बाप गेला," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातला कोन उतरनार पान्यात? पन काठी टेकली की आपल्या चुलीचं नाव यायचंच. कदी चुकलं नाय. त्या वाट्यावर तू वाढलास, नि शून्य म्हंतोस?"

मी हसू आवरलं. आधी भावोजींचा राग आला होता, आता कीव आली. उठून टोप आणला. सासूबाईंनी स्वतः मधला तुकडा त्यांना वाढला.

भावोजी भात नुसता चिवडत बसले. मग मान खाली घालूनच म्हणाले, "आई, पुढल्या वर्षी मी उतरू पाण्यात?"

"उतर की. तुजी वाट बगून कोंड म्हातारा झाला."