कोपऱ्याचा मोकळा हात

उदयसिंह कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. एका हातात साखळीतल्या शेजारच्या हिरामणचा हात, दुसरा मोकळा. चढाई करणाऱ्याने पाय टाकला की थेट घोट्यावर झेप. दोघांचं बोलणं बोटांनी चालायचं. एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की घे. वडील बाबासो, म्हणजे घरचे आबा, वाशीच्या बाजारात माथाडी. पोरगा लीगमध्ये टीव्हीवर दिसायला लागला तेव्हा त्यांनी कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवरून पेढे वाटले.

झेप घेताना समोरच्याचा गुडघा डोक्यात बसायचा. अंधारी यायची, उलट्या व्हायच्या. डॉक्टरांनी महिनाभर बसून राहायला सांगितलं, तर आबांनी ते हसण्यावारी नेलं. “आमी पाठीवर पोती वाहिली, कदी बसलो? बसला त्यो संपला.” पाठीवर जगणाऱ्या घराला डोक्याचं दुखणं हे दुखणंच वाटत नव्हतं. उदयसिंह बसला नाही. त्याची बायको प्रियदर्शिनी त्याच्या डोक्याला तेल चोळायची आणि गप्प राहायची. तेव्हा तिलाही त्याचा अभिमानच वाटायचा, खोटं कशाला बोला.

लीग सुटली, आणि चाळिशी धड उलटायच्या आत आठवणही सुटायला लागली. जुईनगरच्या मंडळात तो मुलींना शिकवायचा, तिथे एकीलाच तीच ती पकड दाखवत राहिला. आबा वारले तेव्हा खांदा देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आबांना चहा दिला का?” डॉक्टरांनी सांगून टाकलं, गेलं ते येणार नाही, यापुढे डोक्याला एकही मार नको. शब्द त्याच्यापर्यंत पोचेनासे झाले, पण बोटं पोचायची. रस्ता ओलांडताना प्रियदर्शिनी हात एकदा दाबायची, तो थांबायचा. दोनदा दाबला की चालायला लागायचा. एवढ्या तालेवार गड्याला असं चालवायचं तिच्या जिवावर यायचं. पण करते काय? बाहेर मात्र तिने अवाक्षर काढलं नाही. घरचं झाकलेलं बरं, असंच ती शिकली होती.

यंदा मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. ती नाही म्हणत होती, तर हिरामण स्वतः बोनकोड्याहून आला. “वैनी, लोकांना बगायचाय त्याला. मी हाय ना बाजूला.” मार नको हे तिने त्यालाही सांगितलं नाही.

शाल-श्रीफळ झालं. मग कुणीतरी टूम काढली, जुन्या खेळाडूंनी मॅटवर साखळी करावी. उदयसिंह बायकोचा हात सोडेना. लोक हसले, “वहिनी, तुमीपण या की.” पदर खोचून ती उभी राहिली, कोपऱ्याचा तो मोकळा हात धरून. फोटो निघाला, आणि गंमत म्हणून मंडळाचा एक तरुण खेळाडू ‘कबड्डी कबड्डी’ करत चढाईला आला.

उदयसिंह वाकला. खांदे, मान, नजर, सगळं जागच्या जागी आलं. किती दिवसांनी तिला तिचा नवरा दिसत होता! तिचं काळीज भरून आलं आणि त्याच वेळी डॉक्टरांचं बोलणंही आठवलं. तरुणाने पाय पुढे टाकला. पलीकडे हिरामणने खुशीत दोनदा दाबलं, ते नवऱ्याचा खांदा दोनदा हलला त्यावरून तिला कळलं. तिने आपल्या हातातला हात एकदाच दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

तो थांबला. घोटा अगदी पुढ्यात आला आणि सावकाश परत गेला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “संपला रे हा.” हिरामणने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. त्याला सारं उमगलं, आणि तो पाठ फिरवून डोळे पुसू लागला.

घरी जाताना रिक्षात मांडीवरची शाल चाचपत उदयसिंहने विचारलं, “ही कुणाची?”

“तुमचीच.”

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, “समोर हुता गं. मी सोडला त्याला.”

“बरं केलंत.”

“आबांना सांगू नको.”

“नाही सांगत,” ती म्हणाली.