वालाची ओल

रस्त्याची मोजणी करायला साहेब आले, तेव्हा मी सुट्टीत पेणहून गडबच्या आतल्या गावी, जावेकडे होते. डोंगराच्या पायथ्याची आमची शेती तीच करते. पावसाळ्यात भात, भात कापल्यावर वाल. रोह्याकडे जाणारा नवा रस्ता शेताच्या वरून, ऐनाच्या जंगलातून काढायचा होता.

साहेबांनी विचारलं, "भातानंतर शेताला पाणी कुठून देता, बाई?"

जावेला हसू आलं. "वालाला पाणी देतात व्हय? तो ओलीवर होतो. थेंब नाय देत आम्ही."

आमच्याकडे या गोष्टीचा अभिमान असतो. पाणी पाजून वाढवला तो कसला वाल! साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले. ती ओल डोंगर पुरवतो, हे मुद्दाम सांगावं असं कुणाला वाटलं नाही.

झाडं पडली. डोंगर उभा कापला. कापातून पाझरणारं पाणी सिमेंटच्या गटारातून पार पलीकडच्या नाल्यात सोडलं. पावसाळ्यात तांबडी माती भातावर उतरली. कापणीनंतर जिथे पाय रुतायचे, तिथे दिवाळीतच भेगा पडल्या. वाल उगवला, बोटभर वाढला आणि करपला.

आम्ही दोघी साहेबांच्या ऑफिसात गेलो.

"तुम्हीच म्हणालात ना, पाणी लागत नाही?"

"दिलेलं नाय लागत, साहेब. डोंगराचं लागतं."

"मग तेव्हाच सांगायचं."

"तुम्ही डोंगराचं कुठं विचारलंत?"

साहेबांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

थंडीत माझ्या नवऱ्याचे मित्र त्याच रस्त्याने पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, खायला आले. मडक्यात लावायचा भांबुर्ड्याचा पाला बांधावर होता. मडक्यात भरायच्या वालाच्या शेंगा मी पेणच्या बाजारातून नेल्या. कुठल्या गावच्या, ते विकणारीलाही माहीत नव्हतं.

जाळ विझला, मडकं उघडलं. पाहुणे खूश. "वहिनी, शेतातल्या ताज्या शेंगांची चवच न्यारी!"

"खावा भावजी, खावा," जाऊ म्हणाली. "त्या पण तुमच्यासारख्याच गाडीत बसून आल्यात."

पाहुणे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी जावेने पुढच्या पेरणीसाठी राखेत घोळवून ठेवलेला बियाण्याचा वाल काढला, धुतला आणि सगळा भिजत घातला. बिरड्याला.