गावाला जायची चप्पल

तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर छबूबाईला कधी कुणी निवांत बसलेली पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा दोनदा उठायची. त्यामुळे तिचा उजवा गुडघा झिजला, तेव्हा गुडघ्यापेक्षा बाईच जास्त ठणकायला लागली.

लेक अंगद म्हणाला, “आये, शेळ्यांमागं डोंगराला जायचं बंद. या बाजाराला काढून टाकू समद्या.”

त्याचं तरी काय चुकलं? शेळ्यांमागं जाताना गुडघा धरला, तेव्हा तिला ओढ्यातून उचलून गाडीवर घालून आणावं लागलं होतं. पण शेळ्या गेल्या तर ही बाई दिवसभर ओट्यावर बसून करणार काय? मला तर नुसत्या विचारानंच कसंतरी झालं. गुडघा बरा करायला तिनं अंगदकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

पाथर्डीला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या प्रज्ञा डॉक्टरनं तिला चालायला लावलं. बाई जन्मभर पावलं बाहेर फेकत, फेंगडी चालत आलेली. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर.

“मावशी, पाऊल किंचित आत वळवून टाका. किंचितच हं.”

“बोटं आत, बोटं आत,” असं पुटपुटत छबूबाई चालायला लागली. दवाखान्यात चाल झकास, घरी आली की पुन्हा ठणका. मुदत सरत आली तशी ती शेळ्यांवर डाफरायची, स्वतःच्या पायाला शिव्या घालायची.

शेवटी प्रज्ञानं विचारलं, “घरी हीच चप्पल घालता ना?”

“हॅ! नवी चप्पल घरी कोन घालतं? ही गावाला जायची.”

घरची चप्पल बाहेरच्या कडेनं झिजून पार उतरती झालेली. बाई पाऊल आत वळवायची, चप्पल ते परत बाहेर कलवायची. आमच्याकडं नवी वस्तू पेटीत आणि जुनी अंगावर, हीच रीत. आता कपाळ कुणाचं बडवायचं? छबूबाईचा जीव तुटला, पण नवी चप्पल काट्याकुट्यात घातली. ठणका हळूहळू कमी झाला, पुरता गेला नाही.

मुदत संपली. बाजाराच्या दिवशी सकाळी अंगद टेम्पो घेऊन आला, तर गोठा रिकामा. लांब डोंगराच्या वाटेला कुणी बाई डोक्यावरून पदर घेऊन, नीट सरळ पावलं टाकत त्याच्याच शेळ्या हाकत चाललेली. अंगद धावतच सुटला.

“ए बाई! कुनाच्या शेळ्या पळवतीस गं?”

बाई वळली. पोटच्या पोरानं पाठमोऱ्या आईला ओळखलं नव्हतं.

“तुझ्याच पळवती,” छबूबाई म्हणाली. “टेम्पोवाल्याला म्हनावं, जा रिकामा.”