कंपाउंडरकाकांनी ओतून टाकलेली औषधं

टिंक्चर आयोडिनचा वास आला की अमरावतीजवळच्या एका खेड्यातला दवाखाना आठवतो. साठच्या दशकात मी तिथे नवी नर्स होते. एका सकाळी खिडकी उघडी आणि औषधांच्या कपाटाचं कुलूप तुटलेलं दिसलं. बाटल्या सगळ्या जागेवर होत्या, फक्त काहींची बुचं सैल होती. बाहेर तापाचे रोगी बसले होते. मी म्हणाले, "काही गेलं तर नाही, देऊ या औषध." म्हातारे कंपाउंडरकाका म्हणाले, "बाई, गेलं नाही, पण कशात काय मिसळलं हे तुमाले ठाऊक हाय का?" त्यांनी एकेक बाटली मोरीत ओतली आणि नवी औषधं आणायला शिपायाला अमरावतीला पाठवलं. तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेली एक आई त्यांना शिव्या देत होती. ते त्या मुलाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिले. दुपारच्या बसने औषधं आली, मुलाचा ताप उतरला. संध्याकाळपर्यंत सुताराने खिडकीला गज बसवले, कपाटाला नवं कुलूप लागलं. तेव्हा मला राहवेना. "काल खिडकीची कडी लावायला मीच विसरले होते," मी रडत सांगितलं. "मले सकाळीच समजलं होतं," ते म्हणाले आणि नव्या कुलपाची किल्ली त्यांनी माझ्याच हातात ठेवली. आज वाटतं, ते रागावले असते तर मी सगळं केव्हाच विसरून गेले असते.