चिंध्या बांधलेल्या वायरी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वायरी गुंडाळणं. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, मी अंगणात उभा होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मला सवय हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत गरागरा गुंडाळायची. ती तसं करू द्यायची नाही. मोठे, सैल वेढे घालायचे. मी घाई केली की ती टोक ओढून धरायची.

"गाय बांधायचं दावं नाय ते," ती म्हणाली.

"वायर आहे. वायरीला काय होतं?"

"आतून तुटते. तुला दिसत नाय म्हणून काय झालं?"

ती मला तू म्हणायची. चारचौघांत तुम्ही. मी म्हटलं, तूच गुंडाळ मग सगळ्या, आणि तंबाखू काढली. तिनं गुंडाळल्या. चौथ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिनं छाती धरली. जव्हारला पोचायच्या आधी, घाटातच, गाडीत ती गेली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. वायरींबद्दल लिहितो.

वांगणीच्या पुढे एका पाड्यात आमचं घर. आधी बँजो, मग कीबोर्ड, असं तीस वर्षं मी हळदीत आणि लग्नांत वाजवत आलो. माझा जुना कीबोर्ड मेला तेव्हा जव्हारच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, याचा माल आता येत नाही. नाशिककडचा एक वाजवणारा धंदा सोडत होता, त्याचं सामान मी आणलं. एक लॅपटॉप, एक कीबोर्ड आणि एक विटेएवढी पेटी. या कीबोर्डाच्या पोटात आवाजच नव्हता. नुसत्या पट्ट्या. आवाज सगळे लॅपटॉपमध्ये. पट्टी दाबली की निरोप वायरीतून लॅपटॉपला जातो, लॅपटॉप आवाज काढतो, तो पेटीतून बाहेर येतो आणि मग स्पीकरला. चार ठिकाणांहून फिरून येणारा आवाज. मला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं.

तो माणूस आमच्या ओट्यावर बसून शिकवायला लागला. आधी पेटी लावा, मग कीबोर्ड, लॅपटॉपमधलं आवाजांचं दुकान सगळ्यात शेवटी उघडा. उलटं केलं तर त्याला पेटी दिसत नाही, मग आवाज उशिरा येतो. ज्या वायरीला जे भोक दाखवलं तेच रोज द्यायचं, दिसायला सारखी असली तरी दुसऱ्या वायरीवर पेटी चालत नाही. मी दहा मिनिटं ऐकलं आणि चहाला म्हणून शेजारी गेलो. मला वाटलं, वाजवणारा मी आहे, भोकांशी माझं काय काम. ती मात्र शेवटपर्यंत बसून बघत होती. तिसरी शिकलेली बाई. मी परत आलो तेव्हा तिनं सगळं सोडून पुन्हा लावलं होतं आणि तो माणूस आपल्या चपला घालत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं जुनी लुगडी फाडली. एकेका वायरीला एकेक चिंधी बांधली. जव्हारच्या बाजारातून नेलपॉलिशच्या बाटल्या आणल्या आणि भोकांपाशी ठिपके दिले. जन्मात नखाला लावली नव्हती ती. लाल चिंधी लाल ठिपक्याला, हिरवी हिरव्याला. या दोन पेटीतून स्पीकरकडे जायच्या. निळी कीबोर्डाची, पांढरी पेटीची, त्या दोन्ही लॅपटॉपला. पिवळी म्हणजे जास्तीची. आणि काळी चिंधी होती ती आतून तुटलेल्या वायरीला. ती टाकून का देत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुला पण ठेवलाच आहे की."

मांडवात ती माझ्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायची. मी वाजवायचो, ती आवाज बदलायची. आवाजांची इंग्रजी नावं काढून तिनं आपली घातली होती. कुठला साय, कुठला शेजारीण, कुठला बुवा. साय म्हणजे काय आणि शेजारीण म्हणजे काय, मी कधी विचारलं नाही. माझी मान जरा वळली की तिचं बोट पडायचं आणि मला पाहिजे तो आवाज यायचा. लोक मला म्हणायचे, मास्तर, कॉम्प्युटर काय चालवता. मी हो म्हणायचो. ती शेजारी बसलेली असताना हो म्हणायचो.

आमच्या पाड्यात रीत आहे, माणूस गेलं की त्याचे कपडे, अंथरूण, बांगड्या घरात ठेवायच्या नाहीत. दिवस झाले की नदीवर मोठ्या दगडापाशी ठेवून यायचं आणि मागं बघायचं नाही. बायकांनी तिचं सगळं गाठोड्यात बांधलं. एक म्हातारी मला म्हणाली, "सगळं दे बाबा. तिचा धागासुद्धा घरात राहिला तर तिचा पाय निघत नाय." सगळं दिलं, मी म्हटलं. मग माझं लक्ष खुंटीवरच्या पिशवीकडे गेलं.

त्या पिशवीतल्या चिंध्या कुणाला माहीत नव्हत्या. मी बोललो नसतो तर कुणी मागितल्याही नसत्या. मी विळा घेतला आणि एकेक चिंधी वायरीवरून कापली. गाठी घट्ट होत्या, सुटत नव्हत्या. सहा चिंध्या मूठभर झाल्या. त्या मीच गाठोड्यात खुपसल्या. तिचा पाय निघावा असं मला त्या वेळी खरंच वाटत होतं का, ते आज सांगता येत नाही. डोकं बंद होतं.

तिच्या धाकट्या बहिणीचं घर नदीच्या पलीकडच्या पाड्यात. बहिणीच्या मुलीचं लग्न आधीच ठरलेलं, नवरा मुलगा पोशेऱ्याचा. पोरीनं मावशीकडून वचन घेतलं होतं, माझ्या हळदीला तुमचंच वाजलं पाहिजे, दुसरं कुणाचं नाही. ही म्हणाली होती, मेले तरी येईन. लोक असं बोलतात. दीड महिन्यानं बहीण माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली.

"दाजी, दुसरा बँड सांगू का? राग नाय धरणार मी."

"मी येतो."

"एकटे?"

"वाजवणारा मीच होतो ना?"

तिनं हळदीचा दिवस सांगितला आणि निघाली. तिला ठाऊक होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी तीन वाजताच मी मांडवात सामान मांडलं. वीटभट्टीवरून परतलेली माणसं, पोरंबाळं, सगळे गोळा झाले. पिशवी उघडली तर आत सहा काळ्या वायरी, सगळ्या सारख्या. पेटीवर, कीबोर्डावर, लॅपटॉपवर तिचे ठिपके तसेच होते. लाल, हिरवा, निळा, पांढरा. ठिपके माझ्याकडे बघत होते आणि वायरी गप्प होत्या. तोंडाच्या आकारावरून एवढं कळलं की चार स्पीकरकडच्या आणि दोन लॅपटॉपच्या. चारातल्या बऱ्या कोणत्या, तुटकी कोणती, कळेना. दोनातली पेटीची कोणती तेही कळेना. लावल्या आपल्या मनानं. आणि घाबरल्यामुळं आवाजांचं दुकान आधी उघडून बसलो. पेटी नंतर लावली. अगदी तेच, जे करू नका म्हणून तो सांगत होता आणि मी चहाला उठलो होतो.

पट्टी दाबली. काही नाही. बंद केलं, वायरी बदलल्या, पुन्हा चालू केलं. पेटीवरचा दिवा लाल. पुन्हा सोडलं, पुन्हा लावलं. असं मी किती वेळा केलं ते मला माहीत नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि स्क्रीनवरची अक्षरं पसरत होती. शेवटी स्पीकर खरखरला. मध्ये मध्ये आवाज आला. पण मी दाबायचो आता आणि तो यायचा नंतर.

ढोलकीपासून इलेक्ट्रिक पॅडपर्यंत सगळं वाजवणारा आमचा जुना साथीदार शेजारी बसला होता. पन्नाशीचा गडी. तो थोडा वेळ माझ्या मागं धावला, मग थांबला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "तुमचं मला उद्या ऐकू येणार. मी आज काय वाजवू?"

"तू वाजव. मी पकडतो."

"तुम्ही कशाला पकडणार? तुमचाच आवाज तुम्हाला सापडत नाय."

तेवढ्यात नवरीला पाटावर आणलं. बायका हळदीचं ताट घेऊन उभ्या. मी यादीत बघितलं. हाताशी तिनं लिहिलेली नावं. साय, शेजारीण, बुवा, आणि खाली नवरी. मला इतकं बरं वाटलं. तिनं या वेळेसाठीच ठेवलं असणार, असं समजून मी नवरी दाबलं. स्पीकरमधून मांजरीचं पिल्लू अडकल्यासारखा लांब रडका आवाज आला. तिची थट्टा होती ती. पाठवणीला पोरी रडतात तेव्हा गंमत म्हणून ती मला वाजवायला लावायची, आता आठवलं. लोक हसले. आवाज खरखरत, तुटत, माझं बोट उचलल्यावरही रडतच राहिला. मी सगळ्या पट्ट्यांवर हात आपटला तरी थांबेना.

बहीण ताट कुणाच्या तरी हातात देऊन आली. तिच्या बोटांना हळद होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दाजी, राहू द्या."

"एकदा लागलं ना की..."

"नाय लागत, दाजी. ताई लावायची."

नवरी पाटावरून बघत होती. तिनं मान खाली घातली. कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडला आणि गाणं सुरू झालं, स्वच्छ, वेळेवर. साथीदार त्याच्यावर वाजवायला लागला. त्याचं काही चुकलं नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. डावीकडची खुर्ची मी रिकामी मांडली होती, सवयीनं. तिच्यावर कुणाच्या तरी पोराला बसवलं.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी चहा मांडायच्या आधी मी कीबोर्ड काखेत मारला, लॅपटॉप-पेटीची पिशवी खांद्याला लावली आणि कुणाला न सांगता निघालो. वायरी पिशवीत कोंबल्या होत्या, गुंडाळल्याही नव्हत्या. घरी जाऊन सामान पेटवून द्यायचं, हे मी ठरवलं होतं. त्यापुढचंही ठरवत होतो. ते इथं लिहीत नाही.

वाट नदीतूनच जाते. वैशाखात नदीला पाणी कुठलं, नुसते दगड आणि एखादं डबकं. मोठ्या दगडापाशी पोचलो तेव्हा मान वळवायची नाही हे डोक्यात होतं. मान वळली. गाठोडं उसकटलेलं होतं, कुत्र्यांनी ओढलं असेल. गोधडी उन्हानं पांढरी पडली होती. मी सामान खाली ठेवलं आणि गुडघ्यांवर बसून तिच्या कपड्यांत हात घातला. आमच्यात कुणी असं करत नाही. करताना कुणी बघितलं असतं तर मला पाड्यात पाणी मिळालं नसतं.

चिंध्या सहाच्या सहा सापडल्या. आधी वाटलं, काय उपयोग. कोणती कुठल्या वायरीची होती, हे चिंधी कशी सांगणार. मग दिसलं की मी गाठी सोडल्या नव्हत्या, कापल्या होत्या. घट्ट बांधलेलं कापड दोन वर्षांत वायरीच्या अंगावर आखडून तसंच राहिलं होतं, फुटलेल्या बांगडीसारखं. लाल आणि हिरव्याचा घेर लहान होता. पिवळीचा त्याहून थोडा मोठा. काळीचा सगळ्यात मोठा, ती वायर जुनी, नुसत्या डोळ्याला कळणार नाही एवढी जाड. एकेक वायर काढून मी घालून बघितली. काळी जिच्यावर बसली, तीच मी काल स्पीकरला लावली असणार, म्हणून ती खरखर.

निळी आणि पांढरी मात्र सारख्याच. वायरीही दिसायला सारख्या. मी दगडावर लॅपटॉप उघडला. बॅटरी थोडी होती. आधी पेटी, मग कीबोर्ड, दुकान शेवटी. तोंडानं म्हणत म्हणत केलं. दिवा लाल. सगळं बंद केलं, दोन्ही वायरी एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. आधी पेटी, मग कीबोर्ड, दुकान शेवटी. दिवा बराच वेळ लाल राहिला आणि मग हिरवा झाला.

तिथं स्पीकर नव्हता. मी पट्टी दाबली नाही. चिंध्या आपापल्या जागी पुन्हा बांधल्या, धोतराची किनार फाडून वरून आवळल्या. मग वायरी गुंडाळायला घेतल्या. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते दगडाखाली दाबलं. मोठे, सैल वेढे. घाई झाली की दगड ओढून धरायचा.

मेलेल्या बाईचं कापड लग्नाच्या मांडवात न्यायचं नसतं, हे मला माहीत आहे. चिंध्या पिशवीत खाली सरकवल्या, वर टॉवेल टाकला आणि आलो त्याच वाटेनं परत मांडवाकडे निघालो. डाव्या हाताला बसून आवाज कोण बदलणार होतं, ते मला माहीत नव्हतं.