रंगफुली

ठाण्यात मी ज्या इंग्रजी शाळेत शिकले, तिथल्या मिसबाईंच्या बंगल्याला एकाच फुलझाडाचं कुंपण होतं. आवारातल्या कोणत्या झाडाला कधी फूल येतं, कधी फळ धरतं, याची त्या वही ठेवत. माझं अक्षर बरं आणि तोंड बंद, म्हणून कुंपणाचं पान माझ्याकडे आलं. दर शनिवारी बघायचं आणि लिहायचं.

श्रावणात लिहिलं, फूल आहे, फळ आहे. दिवाळीला तेच. होळीला पानं मरगळली, तरी शेंड्यांना फूल होतंच.

चैत्रात मिसबाई मला कुंपणाशी घेऊन गेल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "दर शनिवारी एकच ओळ? न बघताच उतरवतेस ना?"

शेजारी माळीबाबा आळं करत होते. ते कळव्याच्या मिठागराकडचे, इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मी एका फांदीकडे बोट दाखवलं, ती त्यांनी कापून दिली. टोकाला झुबका, मध्ये पिवळी आणि कडेला गुलाबी फुलं. खाली हिरवी फळं, त्याखाली पिकून काळी झालेली, बुलबुलांनी अर्धी खाल्लेली.

मिसबाईंनी फांदी हातात घेऊन शेंड्यापासून खालपर्यंत पाहिली. "चुकलं माझं. यापुढे तू सांगशील ते खरं." मग फुलांना हलकेच बोट लावून म्हणाल्या, "तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात?"

आमच्याकडे तिला घाणेरी म्हणत. ते माझ्यानं सांगवेना.

"रंगफुली," मी म्हणाले.

तेवढा एक शब्द माळीबाबांना कळला. ते हसले. "कसली रंगफुली, बाय? ही तं घाणेरी. पाला चोळ नं वास घे."

"काय म्हणतात ते?" मिसबाईंनी विचारलं.

"हिला बारा महिने फूल येतं, म्हणतात." त्यांनी वही पुढे केली आणि मी पानाच्या माथ्यावर रंगफुली असं लिहिलं.

माळीबाबांनी चुगली केली नाही. पण फाटकात मला गाठून विचारायचे, "काय बाय, रंगफुली पिकली का?" मी मान खाली घालून निसटायचे.

मिसबाई वही घेऊन विलायतेला गेल्या. गेल्या वर्षी आत्याकडे खडवलीला गेले, तर तिथल्या माळावरसुद्धा घाणेरी माजलेली. बुलबुलांचंच काम. मी पाला चोळला. तोच उग्र वास.

मिसबाईंच्या वहीतलं ते खोटं नाव माझ्याच अक्षरात आहे. कधी कधी वाटतं, जाऊन खोडून यावं. पण त्या नावानं तिची चौकशी करणारे एकटे माळीबाबा होते, आणि आता तेही नाहीत.