देवमाशाची कवळी

बिरदेव येडग्यानं हयातीत पासष्ट माणसं पायांवर उभी केली आणि एकाच्याही खाली त्याचं नाव नाही. पाटणच्या डोंगरातला हा गडी मिरजेच्या एका वैद्यकीय कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला आणि हाडं जुळवता जुळवता रिटायर झाला. मनगटातली आठ हाडं डोळे मिटून लावायचा. त्याच्या सांगाड्यांपुढं उभी राहून पोरं डॉक्टर झाली, बंगले बांधून बसली. त्यांतल्या एकाला विचारा की हे कुणी जोडलं. शिकलेल्या माणसाला वाटतं, सांगाडा आभाळातून तारेसकट पडतो.

आणि घरात तरी काय! बायको चंद्राबाई त्या कामाचं नाव काढू देत नसे. आधी परसात आंघोळ, मग उंबरा. पै-पावण्यांत सांगायची, आमचं मालक दवाखान्यात असत्यात. तिनं एकदा येऊन आपलं काम बघावं, एवढी एकच हाव बिरदेवला होती. पण मढ्यांच्या खोलीत कोण पाऊल टाकतंय?

रिटायर होऊन दोन वर्षं झाल्यावर कृष्णाकाठच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. कोकणच्या किनाऱ्याला एक देवमासा मरून लागला होता. वाळूत पुरला, मांस गळालं आणि वनखात्याची परवानगी काढून त्याची हाडं उसाच्या ट्रकातून घाट चढून आली. प्राचार्य लालासाहेबांना ती दर्शनी हॉलमध्ये टांगायची होती. ह्या माणसाला मासा आणि मगर ह्यांत फरक कळत नव्हता. पण संस्थेच्या अध्यक्षांची बहीण घरात असली की प्राचार्य व्हायला तेवढं पुरतं. त्यांनी शब्द दिला की खाली पितळी पाटी लावू आणि तीवर बिरदेवचं नाव घालू. बिरदेवनं त्याच संध्याकाळी चंद्राबाईला सांगितलं, ह्ये मढं न्हाई, मासा हाय, पाटीवर माजं नाव येणार हाय. ती म्हणाली, मग येते की बघायला.

आठ महिने खपला बिचारा. हाडांतून तेल गळायचं थांबेना. शेवटी बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील आणली आणि जिच्यात रस उकळायचा, तिच्यात सोडा टाकून मणके उकळले. वास असा सुटला की वसतिगृहाची पोरं नाकाला रुमाल बांधून जेवायला लागली. बिरदेव त्यांना म्हणायचा, तुमच्या मेसच्या आमटीपेक्षा बरा हाय.

प्राणिशास्त्राच्या राजेश्वरी मॅडम तेवढ्या रोज येऊन बसायच्या. त्यांनीच त्याला ते जनावर समजावलं. हा मासाच नव्हे, पिलाला दूध पाजणारा, चोचीचा देवमासा. जन्म समुद्रावर काढलेल्या खलाशालाही क्वचित दिसतो, कारण तो वर येतो तो दोन-चार मिनिटं दम घ्यायला. मग जी बुडी मारतो ती पार तीन किलोमीटर खाली. कोयनेच्या धरणाच्या एकोणतीस भिंती एकीवर एक ठेवल्या तेवढी खोल. एकानं तर एकाच दमात पावणेचार तास काढल्याची नोंद आहे. तिथल्या काळोखात नुसत्या आवाजाच्या पडसादावर तो माकूळ, म्हणजे दहा हातांचा मऊ जीव, हुडकतो, आणि चावत बसत नाही, सुर्रकन ओढून गिळतो. म्हणून त्याला खायला दात नसतात. फक्त नराला दोन, खालच्या जबड्याच्या टोकाला, आणि तेही दुसऱ्या नराशी झुंजायला. कवटी जन्मजात एका अंगाला कललेली. बिरदेवनं ती कललेलीच बसवली, ते दोन दात जागच्या जागी लावले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच कामावर खूश झाला.

उद्घाटनाला आठवडा राहिला तेव्हा लालासाहेब आले. बघितल्या बघितल्या कपाळाला आठ्या. कवटी वाकडी का, आणि दात कुणी चोरले? मॅडम सांगायला लागल्या, तर त्यांना ऐकवलं की तुम्ही तासिकेवर आहात, तासापुरतं बोला. एवढं मोठं धूड आणि दोन दात? पाहुणे हसतील म्हणाले. अहो, हसतील त्यांचे दात दिसतील! पण अकलेच्या कांद्याला हे कोण सांगणार?

आता मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. गुडघा झिजला, नवा घाला. फासळी मोडली, सळई घाला. तिथं माणसाला वाटायला लागतं की देवानं जे दिलं नाही ते आपण बसवून देऊ. लालासाहेबांचे मेव्हणे डॉ. उदयसिंह तिथलेच दातांचे डॉक्टर. त्यांनी माप घेतलं आणि चौथ्या दिवशी देवमाशाची कवळी आली. वर चोवीस, खाली चोवीस, गुलाबी हिरड्यांसकट! समुद्राच्या तळाशी ज्यानं कधी घास चावला नाही, तो आता जाहिरातीतल्या नवरदेवासारखा हसायला लागला. आणि खरे दोन दात? आड येतात म्हणून काढून कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. बिरदेवला शरम वाटली. हे ध्यान आता आपल्या नावावर जग बघणार!

दुसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये गेला. म्हणाला, "साहेब, त्ये दात तरी काढा, न्हाईतर माजं नाव तरी काढा."

त्याला वाटलं होतं, साहेब क्षणभर विचार करतील. लालासाहेबांनी फाइलीतून मान वर केली नाही. "बरं. नाव काढायला सांगतो," म्हणाले. त्या जागेवर मेव्हण्याचं नाव आलं.

ही गोष्ट चंद्राबाईला सांगायचा धीर बिरदेवला उरलेल्या दोन दिवसांत झाला नाही. इरकल लुगडं पेटीतून काढून ती तयारच बसली होती, तिला नको म्हणायचं तरी कसं? उद्घाटन झालं. पाहुण्यांनी कवळीवर हात ठेवून फोटो काढले, कुणीसं भाषणात म्हणालं की निसर्गाची किमया अगाध आहे. गर्दी जेवणाकडं पांगल्यावर बिरदेव तिला आत घेऊन गेला.

तिनं शेपटीपासून डोक्यापर्यंत सावकाश बघितलं. तोंडापाशी थांबली आणि तिचा चेहरा उजळला.

"हाडकांतलं मला काय कळत न्हाई," ती म्हणाली, "पर दात लय झ्याक बशिवल्यात तुमी."

"दात माजं न्हाईत. बाकी समदं माजं हाय."

ती पाटीकडं वळली. अक्षरांवरून बोट फिरवत तिनं पाटी वाचली, मग पुन्हा वरपासून वाचली. "आवं, तुमचं नाव कुठं हाय?"

"हुतं. मीच काढाय लावलं."

 चंद्राबाईनं त्याच्या सदऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकली, इकडंतिकडं कुणी नाही असं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ह्ये तुमी जोडलंय, मी न्हाई सांगत कुणाला."